व्यवस्थापनाचे दूरशिक्षण आणि व्हिडिओ: विद्यार्थ्यांची नाराजी नेमकी कशावर असते?

ताळेबंद (धागाकर्ता)

गेली काही वर्षे मी व्यवस्थापनाच्या दूरशिक्षण अभ्यासक्रमात लेखाशास्त्र आणि वित्त हे विषय शिकवतो. प्रत्येक सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांनी भरलेल्या अभिप्राय-प्रश्नावल्या माझ्या हाती येतात आणि दर वेळी त्यांतली एक विसंगती मला छळते. एकाच विद्यार्थ्याने 'व्हिडिओ व्याख्याने उपयुक्त वाटली का' या प्रश्नाला 'अत्यंत' असे उत्तर दिलेले असते, आणि पुढच्याच पानावर 'असा अभ्यासक्रम पुन्हा निवडाल का' या प्रश्नासमोर 'नाही' लिहिलेले असते. विद्यार्थ्यांना काय हवे ते त्यांचे त्यांनाच कळत नाही, असा अर्थ लावून माझे काही सहकारी मोकळे होतात. मला तो पटत नाही. 'तुम्हाला व्हिडिओ आवडतो का' हा प्रश्नच मुळात भलत्या जागी विचारला जातो, असे माझे मत बनत चालले आहे. ते इथल्या जाणकारांकडून तपासून घ्यावे म्हणून हा धागा काढतो आहे.

ही विसंगती माझ्याच वर्गात उगवलेली नाही. जेन वेब्स्टर आणि पीटर हॅकली यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्हिडिओ-कॉन्फरन्सवरून चालणाऱ्या वर्गांची पाहणी केली होती. तंत्र भरवशाचे आहे का, चित्र आणि आवाज नीट येतो का, हे मुद्दे त्यात होतेच. पण शिक्षक त्या तंत्राकडे कसा पाहतो, त्याची शिकवण्याची पद्धत कशी आहे आणि सोबतच्या विद्यार्थ्यांचा कल कसा आहे, या गोष्टींचाही विद्यार्थ्यांच्या मतांशी संबंध दिसून आला. कुरकुरत कॅमेऱ्यासमोर बसणारा शिक्षक आपली कुरकुर पडद्यापलीकडे पोहोचवतो, असा याचा सरळ अर्थ मी घेतो. पुढे २००१ साली पिकोली, अहमद आणि आइव्ज या तिघांनी माहिती-तंत्रज्ञानाच्या प्राथमिक कौशल्यांच्या एका अभ्यासक्रमात प्रत्यक्ष वर्ग आणि आभासी वर्ग यांची तुलना केली. परीक्षेतल्या कामगिरीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. शिकण्याच्या प्रक्रियेविषयीचे समाधान मात्र आभासी गटात कमी होते. ज्ञान पदरात पडले आणि तरीही मन भरले नाही, अशी ही स्थिती आहे.

मायकेल मूर यांनी १९८९ साली दूरशिक्षणातील देवाणघेवाणीचे तीन प्रकार सांगितले होते: विद्यार्थी आणि आशय, विद्यार्थी आणि शिक्षक, विद्यार्थी आणि विद्यार्थी. ध्वनिमुद्रित व्याख्यान यांतला पहिला प्रकार उत्तम पेलते, कदाचित प्रत्यक्ष वर्गापेक्षाही चांगला. रोख प्रवाह पत्रकाचेच, म्हणजे व्यवसायात रोकड किती आली आणि किती गेली ते दाखवणाऱ्या पत्रकाचेच, उदाहरण घेऊ. निव्वळ नफ्यापासून सुरुवात करून घसारा (यंत्रे वगैरेंच्या झिजेपोटी धरलेला खर्च) पुन्हा मिळवायचा, कारण तो खर्च असला तरी त्यापोटी रोकड बाहेर गेलेली नसते. ऋणकोंकडील येणे वाढले असेल तर ती वाढ वजा करायची, कारण विक्री नोंदली गेली तरी पैसा हातात आलेला नसतो. हे पहिल्या ऐकण्यात फार थोड्यांच्या डोक्यात शिरते. वर्गात मी ते एकदा सांगतो, फार तर दोनदा, आणि तिसऱ्यांदा विचारायची हिंमत कोणाला होत नाही. व्हिडिओ मात्र दहा वेळा मागे नेता येतो आणि तो कपाळाला आठ्या घालत नाही. प्रश्नावलीतले 'अत्यंत उपयुक्त' हे उत्तर इथून येत असावे.

पण व्यवस्थापन-शिक्षणाचा मोठा भाग असा समजावून सांगण्याजोगा नाही. अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणे, तो चारचौघांत मांडणे, त्यावर होणारा हल्ला परतवणे, आणि आपण चुकलो आहोत हे दिसल्यावर मानाने माघार घेणे, हेही तिथे शिकायचे असते. त्याला मूर यांचे उरलेले दोन प्रकार लागतात. विद्यार्थ्याचे 'नाही' तिथून येते, असा माझा कयास आहे. आमची प्रश्नावली ही दोन्ही उत्तरे एकाच टोपलीत टाकते आणि सरासरी काढते.

आणखी एक शंका मांडून थांबतो. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली मांडलेल्या प्रारूपात, माणूस एखादे तंत्र स्वीकारील की नाही हे त्याला ते किती उपयुक्त आणि वापरायला किती सोपे वाटते यावरून ठरते, असे म्हटले आहे. कार्यालयात नवी संगणक-प्रणाली आणताना हे दोन प्रश्न विचारणे योग्यच आहे. परंतु तेच प्रश्न थोडे शब्द बदलून शिक्षणाच्या अभिप्रायात उतरले आहेत आणि त्यामुळे आपण विद्यार्थ्याला शिकणारा न समजता यंत्र वापरणारा समजून प्रश्न विचारत आहोत, असे मला वाटते. सोपेपणा हा गुण शिक्षणात नेहमीच भूषण असतो का?

रात्रपाळी

मी नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने व्यवस्थापनाची पदवी घेत आहे आणि शेवटच्या सत्रात आहे, त्यामुळे प्रश्नावली भरणाऱ्यांच्या बाजूने लिहितो.

व्हिडिओ नसता तर मी शिकलोच नसतो, हे आधी मान्य करतो. माझ्या कामाच्या वेळा दर आठवड्याला बदलतात. कोणत्याही प्रत्यक्ष वर्गाचे वेळापत्रक मला झेपणारे नव्हते. मी व्याख्याने दीडपट वेगाने ऐकतो, आकडेमोड आली की मूळ वेगावर येतो आणि प्राध्यापक आपल्या अनुभवाच्या गोष्टी सांगू लागले की पुन्हा वेग वाढवतो. (ताळेबंद सर, आपल्या गोष्टींविषयी हे विधान नाही.) या सोयीला माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण.

तरीही 'पुन्हा निवडाल का' यासमोर मी 'नाही' असेच लिहिले असते, आणि त्याचे कारण आपण म्हणता त्याच्या जवळपासचे आहे. प्राध्यापक मला पडद्यावर दिसतात. मी त्यांना कधीच दिसत नाही. चार सत्रांत माझ्या उत्तरपत्रिकेवर गुणांखेरीज दोनच वेळा काही लिहून आले. त्यांपैकी एकदा 'तुमचे गृहीतक धाडसी आहे, पण त्याला आधार द्या' असे एक वाक्य होते. ते वाक्य मला आजही पाठ आहे, आणि ज्या ध्वनिमुद्रणांवर संस्थेने एवढा खर्च केला त्यांतले एकही वाक्य पाठ नाही.

संख्यारेषा

मूळ लेखातल्या विचाराशी सहमत आहे. पण अभिप्रायावर एवढा मोठा इमला बांधण्यापूर्वी अभिप्राय म्हणजे काय हे जरा खडसावून पाहायला हवे.

पहिली गोष्ट म्हणजे सत्राच्या शेवटी प्रश्नावली भरतो तो टिकलेला विद्यार्थी. मधेच सोडून गेलेल्याचे मत त्यात नसते, आणि दूरशिक्षणात खरे बोलके मत त्याचेच असते. एरिक बेटिंगर आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एका मोठ्या खासगी विद्यापीठात तोच विषय प्रत्यक्ष वर्गाऐवजी ऑनलाइन घेतल्यास विद्यार्थ्यांचे त्या विषयातले आणि पुढच्या विषयांतलेही गुण घसरतात आणि विद्यापीठात टिकून राहण्याची शक्यता कमी होते, असे आढळले. अशा ठिकाणी उरलेल्यांना 'समाधानी आहात का' असे विचारणे म्हणजे गळती लागलेल्या माठात उरलेल्या पाण्यावरून माठाची परीक्षा करणे झाले.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. शिकल्यासारखे वाटणे आणि शिकणे या गोष्टी भिन्न आहेत, आणि व्हिडिओ त्यांतली पहिली गोष्ट फार सहज घडवतो. शाना कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला दाखवलेल्या छोट्या चित्रफितीत वक्ती नजर समोर ठेवून, न अडखळता बोलते. दुसऱ्या गटाच्या चित्रफितीत तीच वक्ती तोच मजकूर टिपणात पाहत, चाचरत सांगते. अस्खलित व्याख्यान पाहिलेल्यांना आपल्याला जास्त आठवेल अशी खात्री होती. प्रत्यक्ष चाचणीत दोन्ही गट सारखेच निघाले. त्याहून जुने आणि मजेदार उदाहरण १९७३ सालचे आहे. 'डॉक्टर फॉक्स' या बनावट नावाने एका नटाला उभे करून त्याच्याकडून खेळ-सिद्धांतावर मुद्दाम पोकळ आणि परस्परविरोधी विधानांनी भरलेले व्याख्यान देववले गेले. श्रोते सुशिक्षित, तज्ज्ञ लोक होते आणि त्यांचे अभिप्राय उत्तम आले. पहिल्या गटाने ते समोर बसून ऐकले. पुढच्या गटांना त्याची चित्रफीत दाखवली, आणि त्यांनीही ते वाखाणले! व्हिडिओविषयीच्या अनुकूल मताचा आधार घेणाऱ्या प्रत्येक संस्थाचालकाला ही गोष्ट एकदा ऐकवावी, असे मला नेहमी वाटते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. हार्वर्डमध्ये पदार्थविज्ञानाच्या वर्गावर केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्वतः गणिते सोडवत, गटात डोके चालवत शिकलेल्या विद्यार्थ्यांनी चाचणीत जास्त मिळवले. पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते. मेहनत पडली की माणसाला आपण अडखळतो आहोत असे वाटते. त्यामुळे ताळेबंद यांनी शेवटी विचारलेल्या प्रश्नाला माझे उत्तर 'नाही' असे आहे.

उंटावरचा_शहाणा

माध्यमामुळे शिकण्यात फरक पडतो का, हा वाद शिक्षण-संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ सालीच मिटवला होता. माध्यम म्हणजे माल पोहोचवणारी गाडी. किराणा कोणत्या गाडीतून आला यावर खाणाऱ्याचे पोषण ठरत नाही, अशा अर्थाचे त्यांचे विधान प्रसिद्ध आहे. शिकवणे चांगले असेल तर व्हिडिओ चांगला, वाईट असेल तर वर्गही वाईट. चाळीस वर्षांनी पुन्हा तेच दळण कशासाठी?

प्रतिवाद

शहाणे महाराज, गाडीची उपमा आकर्षक आहे; पण रॉबर्ट कोझ्मा यांनी नंतर घेतलेला आक्षेपही लक्षात घ्या. प्रत्येक माध्यमाला काही गोष्टी जमतात आणि काही जमत नाहीत, आणि शिकवण्याची पद्धत त्या क्षमतांतूनच घडते. नाशवंत माल उघड्या गाडीतून आणला तर पोषणावर परिणाम होतोच.

मी केस पद्धतीने, म्हणजे एखाद्या कंपनीपुढचा निर्णयाचा प्रसंग वर्गात चर्चेला ठेवून, व्यवसायधोरण शिकवतो, म्हणून तेवढ्याविषयी सविस्तर लिहितो. केस चर्चेत प्राध्यापक उत्तर सांगत नाही. तो एकाला उठवतो, त्याची भूमिका फळ्यावर लिहितो, मग ज्याच्या चेहऱ्यावर असहमती दिसते आहे अशा दुसऱ्याकडे वळतो. या 'चेहऱ्यावर दिसते आहे' मध्ये माझे निम्मे कसब आहे. साठ जणांच्या वर्गात कोण तयारी करून आला आहे, कोण शेजाऱ्याच्या कागदात डोकावतो आहे आणि कोणाला बोलायचे आहे पण धीर होत नाही, हे मला दोन मिनिटांत कळते. पडद्यावरच्या चौकटींत ते कळत नाही. केस पद्धतीचे माहेरघर असलेल्या हार्वर्ड बिझनेस स्कूलनेही ही अडचण ओळखली होती. २०१५ साली त्यांनी बॉस्टनमधील एका सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्रात खास स्टुडिओ उभारला, तिथे प्राध्यापक मध्यभागी उभा राहतो आणि समोरच्या अर्धवर्तुळाकार पडद्यांच्या भिंतीवर साठ सहभागींचे चेहरे एकाच वेळी जिवंत दिसतात. वर्गातले बोलणे व्हिडिओवर आणायचे तर एवढा खटाटोप करावा लागतो. आणि आपल्यातल्या बहुतेकांकडे एक लॅपटॉप आणि एक हेडफोन एवढीच सामग्री असते.

माझ्या स्वतःच्या ऑनलाइन केस वर्गात दोन बदल झाले, एक वाईट आणि एक अनपेक्षितरीत्या चांगला. वाईट असा की हात वर करण्याचे चिन्ह आल्यापासून कोणी कोणाला तोडत नाही. ऐकायला हे सभ्य वाटते. पण रांगेत उभ्या असलेल्या चौथ्या विद्यार्थ्याची पाळी येईपर्यंत ज्या मुद्द्यावर त्याला भांडायचे होते तो मुद्दा थंड झालेला असतो, मग तो आपले आधी ठरवलेले वाक्य वाचून दाखवतो. चर्चा निवेदनांची मालिका होऊन जाते. चांगला बदल असा की एरवी वर्षभर तोंड न उघडणारे विद्यार्थी लेखी चॅटमध्ये नेमके, टोकदार प्रश्न विचारू लागले. त्यांतल्या एकीने मला पत्रात लिहिले की समोरासमोरच्या वर्गात मोठ्या आवाजाचे पाच जणच 'वर्ग' असतात आणि बाकीचे तेव्हाही व्हिडिओच पाहत असतात. या वाक्याने मी काही दिवस अस्वस्थ होतो. मूळ लेखात प्रत्यक्ष वर्गाला देवाणघेवाणीचे श्रेय सरसकट देऊन टाकले आहे. ते तेवढे सरळ नाही.

मागचा_बाक

वरील प्रतिसादातल्या त्या विद्यार्थिनीशी मी शंभर टक्के सहमत आहे.

चेहरा दिसण्याविषयी एक शब्द. आमच्या अभ्यासक्रमात थेट तासाला कॅमेरा सुरू ठेवणे सक्तीचे झाले आणि माझे व्हिडिओ-शिक्षणाविषयीचे मत त्या दिवसापासून बिघडले. जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली व्हिडिओ बैठकींतल्या थकव्याची चार कारणे मांडली होती: अनेक चेहरे सतत अगदी जवळून आपल्याकडे पाहत असल्याचा भास, हावभाव पोहोचवण्यासाठी आणि ओळखण्यासाठी पडणारा जादा मानसिक ताण, स्वतःचाच चेहरा समोर दिसत राहणे, आणि एका जागी खिळून बसावे लागणे. मला ती चारही जशीच्या तशी लागू पडतात. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत विद्यार्थ्यांनी कॅमेरा बंद ठेवण्याच्या कारणांत आपल्या दिसण्याचा संकोच, मागे घरातली माणसे आणि जागा दिसण्याची काळजी आणि कमकुवत इंटरनेट ही कारणे दिली होती. प्राध्यापकांना मात्र बंद कॅमेरा म्हणजे झोपलेला विद्यार्थी वाटतो. मी कॅमेरा बंद असताना वहीत जास्त लिहितो.

संख्यारेषा

'सहा मिनिटांच्या नियमा'चा उल्लेख अजून कसा आला नाही याचे आश्चर्य वाटते.

ताळेबंद

तो विषय काढलातच, तर माझी एक जुनी ठसठस सांगतो. फिलिप गुओ, ज्युहो किम आणि रॉब रुबिन यांनी २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरील चार अभ्यासक्रमांतल्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचे विश्लेषण केले. व्हिडिओ कितीही लांब असला तरी तो सलग पाहिला जाण्याचा मध्यक काळ सहा मिनिटांच्या वर जात नाही, असे त्यांना दिसले. आमच्या संस्थेत कोणीतरी हा आकडा एका सादरीकरणात पाहिला आणि पुढच्या सत्रापासून कोणतीही चित्रफीत सहा मिनिटांपेक्षा मोठी नसावी असे परिपत्रक निघाले.

वास्तविक तो अभ्यास लोक किती वेळ पाहतात हे सांगतो. किती शिकतात हे सांगत नाही. शिवाय ते विनामूल्य, स्वेच्छेने नाव नोंदवलेले विद्यार्थी होते, ज्यांपैकी अनेक जण केवळ डोकावून जाणारे असतात. परीक्षा द्यायची आहे, शुल्क भरले आहे आणि पुढच्या बढतीचा प्रश्न आहे अशा विद्यार्थ्याला तेच माप लावणे मला पटले नाही. पण हुकूम तो हुकूम. मी एकत्रित ताळेबंदाचे (मूळ कंपनी आणि तिच्या उपकंपन्या यांचा मिळून एकच ताळेबंद) चाळीस मिनिटांचे व्याख्यान सात तुकड्यांत कापले. त्या सत्रात 'व्हिडिओ सुटसुटीत आहेत' असे अभिप्राय वाढले आणि उपकंपनीतील अल्पसंख्य भागधारकांचा हिस्सा कुठे दाखवायचा या प्रश्नावर निम्मा वर्ग घसरला. एका सत्रावरून सिद्धांत काढणार नाही, प्रश्नपत्रिकाही तीच नव्हती; पण मूळ कंपनीच्या हिशेबापासून एकत्रीकरणापर्यंतचा जो एक सलग धागा मनात धरावा लागतो तो तुकड्यांत तुटला, हे मला उत्तरपत्रिकांत दिसत होते.

लांबी कमी करण्यापेक्षा मधे थांबवून प्रश्न विचारणे जास्त उपयोगी पडते, असे आता वाटते. श्पुनार, खान आणि शॅक्टर यांच्या २०१३ सालच्या प्रयोगात संख्याशास्त्राचे २१ मिनिटांचे ऑनलाइन व्याख्यान चार भागांत दाखवले होते. प्रत्येक भागानंतर छोटी चाचणी दिलेल्या गटाचे मन व्याख्यानापासून भरकटण्याचे प्रमाण बरेच कमी झाले आणि त्यांनी टिपणेही जास्त घेतली. मी तसे करून पाहिले, तेव्हा पहिल्या महिन्यात तक्रारी आल्या. 'व्हिडिओ अडवतो' असे एकाने लिहिले होते! वर संख्यारेषा यांनी सांगितलेली हार्वर्डची गोष्ट माहीत नसती तर मी ते प्रश्न काढूनही टाकले असते.

अर्थार्थी

सगळी चर्चा शिकण्याभोवती फिरते आहे. म्हणून जरा व्यवहाराचे बोलतो. व्यवस्थापनाची पदवी घेणारे अनेक जण केवळ शिकण्यासाठी येत नाहीत. त्यांना ओळखी हव्या असतात, नोकरीच्या मुलाखतीत मिरवता येईल असे नाव हवे असते आणि सोबत शिकलेली, पुढे उपयोगी पडतील अशी पन्नास माणसे हवी असतात. व्हिडिओविषयीच्या त्यांच्या मतात या हिशेबाचा वाटा मोठा आहे आणि कोणतीही प्रश्नावली तो विचारत नाही. ड्यूक विद्यापीठाने १९९६ साली जगभर विखुरलेल्या अधिकाऱ्यांसाठी एमबीए सुरू केले, तेव्हापासून अशा अभ्यासक्रमांत इंटरनेटवरच्या शिक्षणाला ठरावीक काळाच्या निवासी सत्रांची जोड दिली जाते. ती सत्रे व्याख्यानांसाठी असतात असे कोणी म्हटले तर मी हसेन.

दुसरीकडे वारा उलटाही वाहतो आहे, हे नोंदवतो. इलिनॉय विद्यापीठाने कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षण-मंचाच्या साहाय्याने ऑनलाइन एमबीए सुरू केले आणि २०१९ साली आपले निवासी पूर्णवेळ एमबीए बंद करत असल्याचे जाहीर केले. म्हणजे वेळ आणि नोकरी यांची किंमत मोजणाऱ्या विद्यार्थ्याने ओळखींच्या तुलनेत सोय निवडली. 'आवडत नाही' म्हणत म्हणत माणसे तेच निवडतात, यात मला ढोंग दिसत नाही; परवडणाऱ्या गोष्टीविषयी तक्रार करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

रात्रपाळी

अर्थार्थी यांचे शेवटचे वाक्य माझ्यावर बेतलेले आहे, मान्य करतो. मात्र एक भर घालतो. तक्रारीचा एक प्रकार निव्वळ आळशी कारभाराविषयी असतो आणि तो 'व्हिडिओविषयीचे मत' म्हणून नोंदला जातो. आमच्या एका विषयाची चित्रफीत इतकी जुनी होती की त्यातले कराचे नियम बदलून गेले होते. शिकवणारे प्राध्यापक संस्था सोडून गेले होते. आणि चर्चाफलकावर मी विचारलेल्या शंकेला सत्र संपेपर्यंत उत्तर आले नाही, कारण उत्तर देण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. मला माध्यमाचा राग नव्हता. सोडून गेलेल्या माणसाला प्रश्न विचारत बसलो होतो याचा होता.

प्रतिवाद

रात्रपाळी, आपल्या या अनुभवावर एक फार जुना उपाय आहे. स्टॅनफर्डचे जेम्स गिबन्स यांनी १९७० च्या दशकात अभियंत्यांसाठी एक पद्धत वापरली. विद्यापीठातल्या वर्गाचे कोणतीही सजावट न करता चित्रण करायचे, ती टेप दूरच्या कारखान्यात पाठवायची, आणि तिथे लहानशा गटाने ती एकत्र बसून पाहायची. सोबत एक मार्गदर्शक असे. तो विषयातला मोठा पंडित असण्याची गरज नव्हती. कोणाला काही अडले की टेप थांबवायची, बोलायचे, मग पुढे जायचे. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार अशा पद्धतीने शिकलेल्या अभियंत्यांची कामगिरी वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा सरस होती. विषय अभियांत्रिकीचा असला तरी पद्धत आपल्याला लागू पडते. त्यातला व्हिडिओ अगदी सामान्य होता. टेप थांबवण्याचा हक्क गटाच्या हातात होता आणि थांबवल्यावर बोलायला माणूस होता. आपण तंत्र पन्नास वर्षे सुधारत आणले आणि त्या ओघात नेमका तो माणूस खोलीतून काढून टाकला.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे गाडी नव्हे, हमाल महत्त्वाचा. क्लार्क यांचेही फारसे वेगळे म्हणणे नव्हते. (उंटावरून उतरतो.)

मागचा_बाक

गट मात्र संस्थेने पाडू नयेत, एवढी विनंती. आमच्यावर लादलेल्या गटातले दोघे सत्रभर एकदाही बोलले नाहीत आणि गुण चौघांना सारखे पडले.

ताळेबंद

सर्वांचे आभार. प्रतिवाद यांनी सांगितलेली गोष्ट मला ठाऊक नव्हती. पुढच्या सत्रात चार-पाच जणांच्या ऐच्छिक गटांवर ती करून पाहीन, आणि मागचा_बाक यांची अट पाळीन. प्रश्नावलीतून 'व्हिडिओ किती उपयुक्त वाटला' हा प्रश्न काढण्याची परवानगी मला मिळणार नाही, पण खाली दोन प्रश्न जोडता येतील. पहिला: या सत्रात तुम्ही कोणत्या ठिकाणी व्हिडिओ थांबवलात आणि का? दुसरा: तुमच्या बोलण्यामुळे किंवा लिहिण्यामुळे दुसऱ्या कोणाचा निर्णय बदलला, असा एखादा प्रसंग घडला का? रात्रपाळी, आपण या दुसऱ्या प्रश्नाला काय उत्तर दिले असते, ते जाणून घ्यायला आवडेल.

रात्रपाळी

एक प्रसंग आहे. यंत्र बदलावे की नाही अशी केस होती. गटातल्या तिघांनीही जुन्या यंत्राची पुस्तकी किंमत (घसारा वजा जाऊन हिशेबात उरलेली किंमत) नव्या गुंतवणुकीच्या खर्चात धरली होती आणि त्यामुळे नवे यंत्र तोट्याचे दिसत होते. तो पैसा कधीच खर्च होऊन गेला आहे, आज निर्णयाला लागतो तो फक्त जुने यंत्र विकून येणारा पैसा आणि कराचा फरक, हे मी सांगून पाहिले, कोणी ऐकेना. शेवटी मी त्यांना विचारले की हे जुने यंत्र आपल्याला कोणी फुकट दिले असते तर आपला निर्णय बदलला असता का. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकीने आपली तक्त्याची फाइल पुन्हा उघडली आणि ती ओळ पुसली.

हे बोलणे रात्री साडेअकराला, चौघांचेही कॅमेरे बंद असताना, केवळ आवाजावर झाले. त्याचे ध्वनिमुद्रण कुठेही नाही.